घरांत राखीव वीज कशी ठेवावी ?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं सायंकाळीं आमच्या दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील शाळेंत भेटावयास आले. त्यांचें बाजारांत झेरॉक्सचें लहानसें दुकान आहे. कुशल प्रश्न झाल्यावर ते म्हणाले, "मास्तर, मुलगा रात्रीं अभ्यासाला बसला कीं नेमकी लाईट जाते. दुकानांतही तीच गत. इन्व्हर्टर घ्यायचा आहे. तुम्ही शास्त्र शिकवतां, तेव्हां कोणता घेऊं तेवढें सांगा. दुकानदार म्हणतो, मोठाच घ्या, म्हणजे पुन्हा बघायला नको." आम्हीं त्यांस उलट विचारलें, "लाईट गेल्यावर आपल्या घरांत काय काय चालू राहिलेंच पाहिजे ? आणि किती वेळ ?" ते क्षणभर थांबले व हसून म्हणाले, "तें कांहीं मोजलेलें नाहीं बुवा."

त्यांचें उत्तर प्रामाणिक होतें, आणि तें त्यांच्या एकट्याचें नव्हतें. बहुतेक घरांत हाच प्रकार असतो. पायाचें माप न घेतां जोडा खरेदी करणारा मनुष्य आपणांस वेडगळ वाटेल. परंतु राखीव विजेच्या बाबतींत आपण तेंच करीत असतों. त्या गृहस्थांशीं पुढें आमचें जें बोलणें झालें, तें इतर पालकांच्या व विद्यार्थ्यांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें थोडें विस्तारानें देत आहों.

प्रथम वीज जाते कां, हें समजून घेणें जरूर आहे. धान्य कोठारांत भरून ठेवितां येतें, तशी तारांतून वाहणारी वीज भरून ठेवितां येत नाहीं. जितकी खर्च होते तितकीच ती त्याच क्षणीं निर्माण व्हावी लागते. हा तोल संभाळला जातो तोंवर प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करीत राहतो. तोल ढळला कीं यंत्रांचें रक्षण करणाऱ्या कळा आपोआप सुटतात. आणि एक वाहिनी बंद पडली कीं तिचा भार दुसरीवर, दुसरीचा तिसरीवर, असा पडत जातो. ३० व ३१ जुलै २०१२ रोजीं उत्तर भारतांत, आणि त्यांपैकीं दुसऱ्या दिवशीं पूर्व व ईशान्य भारतांतही, याच रीतीनें कोट्यवधि लोक अंधारांत राहिले. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबईची वीज गेली, तेव्हां लोकल गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या.

असे प्रसंग क्वचित् येतात. आपली नेहमींची वीज जाते ती लहान कारणांनीं. तारेवर फांदी पडते, डीपीचा फ्यूज उडतो, खांबावरील चिनी मातीचा इन्सुलेटर पावसांत तडकतो, किंवा दुरुस्तीसाठीं वीज कंपनीच ठरलेल्या दिवशीं पुरवठा बंद ठेविते. याखेरीज तिसरा प्रकार वादळाचा. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां खांबच्या खांब आडवे झाले, व कोंकणांतील कित्येक गांवांत वीज परत येण्यास आठवडे लागले.

तासाभराचा अंधार, दिवसभराचा अंधार आणि पंधरा दिवसांचा अंधार, हे तीन निरनिराळे रोग आहेत, आणि तिहींस एकच औषध चालत नाहीं. पंधरा दिवसांच्या अंधारास पुरेल एवढी बॅटरी घेऊं म्हणणाऱ्या सामान्य गृहस्थास ती कधींच परवडणार नाहीं, आणि नेहमींच्या तासाभराचीही सोय त्यामुळें राहून जाईल. म्हणून आम्हीं त्या गृहस्थांस पहिली गोष्ट सांगितली ती ही कीं, यंत्र घेण्यापूर्वीं एक महिना वहींत नोंद ठेवावी : वीज केव्हां गेली, केव्हां आली. हें काम त्यांच्या चिरंजीवांनीं मोठ्या हौसेनें केलें. महिन्याअखेर वही पाहिली तों वीज अकरा वेळां गेली होती. त्यांपैकीं नऊ वेळां ती तासाच्या आंत परत आली. एकदां अडीच तास लागले. आणि एका वादळाच्या रात्रीं ती गेली ती सकाळींच आली. या वहीनें अर्धा निर्णय केला. त्यांना तीन तासांची सोय हवी होती. त्याहून अधिक नको होती.

आतां दुसरी गोष्ट : काय चालवावयाचें ? येथें दोन शब्दांतील भेद स्पष्ट असला पाहिजे. वॅट म्हणजे तोटीची धार. वॅट-तास म्हणजे त्या धारेनें घागरींत पडलेलें पाणी. शंभर वॅटचें उपकरण दहा तास चाललें कीं एक हजार वॅट-तास होतात, आणि यालाच आपल्या वीज बिलांत एक युनिट म्हणतात. इन्व्हर्टर किती मोठा असावा हें वॅटवरून ठरतें. बॅटरी किती मोठी असावी हें वॅट-तासांवरून ठरतें. दुकानांत या दोहोंची गल्लत होते, म्हणून विद्यार्थ्यांनीं हा भेद चांगला ध्यानांत ठेवावा.

त्या घराची यादी अशी झाली. तीन एलईडी दिवे, प्रत्येकीं ९ वॅटचे, मिळून २७ वॅट. छताचे दोन पंखे, प्रत्येकीं ७५ वॅटचे, मिळून १५० वॅट. इंटरनेटचा राउटर १२ वॅट. मुलाचा लॅपटॉप ६० वॅट. एकूण बेरीज २४९. सोयीसाठीं २५० धरूं. तीन तासांस ७५० वॅट-तास लागतील, म्हणजे पाऊण युनिट. घरांतील सर्व धडपड एवढ्या पाऊण युनिटासाठीं होती.

यादींत काय नाहीं तेंही पाहण्यासारखें आहे. इस्त्री, गीझर, पाणी तापविण्याची कांडी ही उष्णता निर्माण करणारी उपकरणें आहेत. तीं हजार-दोन हजार वॅट ओढतात, व त्यांस राखीव विजेवर ठेवणें म्हणजे घागरीनें शेत भिजविण्यासारखें आहे. पाण्याच्या मोटारीचा प्रकार निराळा. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. परंतु कोणतीही मोटार सुरू होण्याच्या क्षणीं आपल्या नेहमींच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि तेवढ्यांत लहान इन्व्हर्टर बंद पडतो. मग पाण्याचें काय करावें ? वीज असतांना गच्चीवरील टाकी भरून ठेवावी. विद्यार्थीमित्रहो, उंचावर चढविलेलें पाणी ही साठविलेली शक्तीच होय. तुमच्या पुस्तकांत तिला स्थितिज ऊर्जा म्हटलें आहे. टाकी भरलेली असली म्हणजे मोटारीपुरता प्रश्न सुटला. फ्रीजचेंही तसेंच. त्याचें दार उघडलें नाहीं तर आंतील थंडावा साधारणतः चार तास टिकतो. तेव्हां तासाभरासाठीं वीज गेली असतां फ्रीजला बॅटरी लागत नाहीं. फक्त घरांतील मंडळींनीं दार वारंवार उघडूं नये, इतकेंच लागतें.

इन्व्हर्टरवर वॅटऐवजीं व्ही.ए. हा आंकडा लिहिलेला असतो, व तो नेहमीं मोठा दिसतो. दूध काढल्याबरोबर चरवी फेसासकट भरलेली दिसते. फेस बसला कीं खरें दूध किती तें कळतें. व्ही.ए. हा फेसासकटचा आंकडा आणि वॅट हें खरें दूध, असें समजावें. ९०० व्ही.ए. लिहिलेलें यंत्र ९०० वॅट देईलच असें नाहीं. कित्येकदां तें सातशेंच्या आसपासच देतें. म्हणून खरेदी करतांना वॅटचा आंकडा मागून घ्यावा, व आपल्या बेरजेहून तो बराच वर आहे अशी खात्री करून घ्यावी.

आतां बॅटरी. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तोन प्लांते यानें १८५९ सालीं शिसें व गंधकाम्ल यांची पुन्हा पुन्हा भरतां येणारी बॅटरी तयार केली. आपल्या घरांतील इन्व्हर्टरखालीं बसलेली जड पेटी ही तिचीच वंशज आहे. तिच्यावर '१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास' असें लिहिलेलें असतें. या दोन आंकड्यांचा गुणाकार १,८०० वॅट-तास. हें वाचून आमचे मित्र आनंदले व म्हणाले, "मग ७५० तर सहजच निघतील." परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. एक तर बॅटरींतील वीज एकाच दिशेनें वाहणारी. तिला घरांतील उलटसुलट वाहणाऱ्या विजेचें रूप देतांना सुमारें पांचवा हिस्सा उष्णतेंत जातो. दुसरें असें कीं शिशाची बॅटरी दर वेळीं तळापर्यंत उपसली तर तिचें आयुष्य झपाट्यानें कमी होतें. शहाणा शेतकरी बियाण्याचें धान्य खात नाहीं, त्याप्रमाणें निम्मी बॅटरी राखूनच चालावें. १,८०० चे निम्मे ९००, त्यांतून पांचवा हिस्सा वजा जातां उरले ७२०. म्हणजे २५० वॅटवर तीन तासांस थोडीं मिनिटें कमी. शिवाय तीच बॅटरी मोठ्या भारानें घाईघाईनें रिकामी केली तर आणखी कमी देते, व सावकाश रिकामी केली तर अधिक देते.

येथें एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आतां बाजारांत नव्या पद्धतीच्या मोटारीचे, ज्यांस बीएलडीसी म्हणतात, ते पंखे मिळतात. ते सुमारें ३० वॅटमध्यें तितकाच वारा देतात. दोन पंखे बदलले असतां २५० वॅटचा भार १६० वर येतो, आणि तीच बॅटरी तीनऐवजीं साडेचार तास पुरते. लॅपटॉपमध्यें स्वतःची बॅटरी असतेच. तो आधींच भरून ठेविला व वीज गेल्यावर भिंतीवरून काढून घेतला तर भार १०० वॅटवर येतो, आणि सात तासांची सोय होते. बॅटरी तीच; केवळ गरज कमी केली. मोठी बॅटरी विकत घेणें हा एक मार्ग आहे. परंतु भार हलका करणें हा बहुधा त्याहून स्वस्त मार्ग असतो, आणि त्याचा लाभ वीज असतांनाही बिलांत दिसतो.

बॅटरीची निगा न राखणें हा दुसरा दोष. आमच्या स्वतःच्या घरीं पहिली बॅटरी दोन वर्षेंही टिकली नाहीं. दोष ना कारखान्याचा, ना विक्रेत्याचा. तो आमचा होता. शिशाच्या बॅटरींतील पाणी हळूहळू कमी होत असतें, व दोन-तीन महिन्यांनीं पाहून त्यांत बॅटरीचें पाणी, म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी, खुणेपर्यंत घालावें लागतें. आम्हीं ती पेटी जिन्याखालीं ठेविली आणि विसरून गेलों. पाणी आटून पट्ट्या उघड्या पडल्या व बॅटरी निकामी झाली. नळाचें पाणी घालणें हेंही तितकेंच घातक, कारण त्यांतील क्षार पट्ट्यांचें नुकसान करितात. आणखी असें कीं भरल्या जात असतांना या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. हा वायु पेट घेणारा आहे. म्हणून बॅटरी बंद कपाटांत, देव्हाऱ्यांतील दिव्याशेजारीं किंवा स्वयंपाकघरांत ठेवूं नये. हवा खेळती असेल अशा जागीं ठेवावी. जुनी बॅटरी भंगारांत फेकूं नये. शिसें हें विष आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें तिची वेगळी विल्हेवाट लागावयास पाहिजे. नवी घेतांना विक्रेत्याकडे जुनी परत करावी, हें सोपें.

अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्याही घरांत येऊं लागल्या आहेत. ज्यांच्या संशोधनांतून या बॅटऱ्या निघाल्या, त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. घरगुती कामासाठीं लिथियम-लोह-फॉस्फेट या जातीची बॅटरी बरी समजतात. ती वजनानें शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी असते, तिला पाणी घालावें लागत नाहीं, व तिच्यांतील बहुतेक वीज वापरली तरी तिचें फारसें बिघडत नाहीं. किंमत मात्र आरंभीं अधिक पडते. जेथें वीज रोज जाते तेथें ती कालांतरानें परवडते. जेथें महिन्यांतून चार वेळां जाते तेथें पाणी घालण्याचें लक्ष ठेवून शिशाची बॅटरीही पुष्कळ आहे.

येथपर्यंत घराचें झालें. दुकान किंवा कचेरी असेल तर आणखी एक प्रश्न येतो : वीज जाणें व राखीव वीज येणें यांमधला खंड. साधा इन्व्हर्टर हा बदल इतक्या थोड्या वेळांत करितो कीं दिवा केवळ लुकलुकतो. पण तेवढ्यांत संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होऊं शकतो, व न जपलेलें काम जातें. यूपीएस हें यंत्र सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास बदल करितें, व संगणकास कांहीं कळतही नाहीं. जेथें एवढाही खंड चालत नाहीं, उदाहरणार्थ इस्पितळांतील कांहीं यंत्रें, तेथें 'ऑनलाइन' जातीचें यूपीएस वापरतात; त्यांत यंत्र सदासर्वदा बॅटरीच्या वाटेनेंच चालतें, त्यामुळें बदल करण्याचा प्रश्नच उरत नाहीं. घरीं टेबलावरील संगणकासाठीं लहान यूपीएस घेतलें तर तें साधारण दहा-पंधरा मिनिटें पुरतें. हा वेळ काम करीत बसण्यासाठीं नव्हे, तर काम जपून संगणक नीट बंद करण्यासाठीं आहे. इन्व्हर्टर घेतांना तो 'साइन वेव्ह' जातीचा आहे ना, हेंही विचारावें. स्वस्त 'स्क्वेअर वेव्ह' यंत्रावर प्रवाहाची लाट गोलाईनें न चढतां पायरीसारखी चढते. त्यामुळें पंखे गुणगुणतात आणि मोटारी तापतात.

आमच्या मित्रांच्या दुकानाचा विचार केला तेव्हां असें दिसलें कीं झेरॉक्सच्या यंत्रांत कागदावर शाई पक्की करण्यासाठीं एक रूळ तापवावा लागतो, व यंत्र सुरू होतांना त्यासाठींच हजार वॅटहून अधिक लागतात. तासाभराच्या खंडासाठीं एवढी मोठी बॅटरी घेण्यांत अर्थ नव्हता. संगणकास लहान यूपीएस द्यावें, एक दिवा व एक पंखा चालावा, आणि झेरॉक्सच्या गिऱ्हाइकास "तासाभरानें या" असें सांगावें, असा निर्णय झाला. तो ऐकून ते म्हणाले, "मग जनरेटरच घेऊं का ? शेजारच्यानें घेतलाय. भिंतीवरच्या सॉकेटमध्यें वायर लावली कीं सगळें दुकान लागतें."

या एका वाक्यासाठीं आम्हीं हा लेख लिहावयास घेतला, असें म्हटलें तरी चालेल.

जनरेटर हें वाईट यंत्र नव्हे. दिवसभराचा अंधार असेल, पाण्याची मोटार चालविणें प्राप्त असेल, तेथें त्याखेरीज गति नसते. परंतु त्याच्या दोन धोक्यांपैकीं एक घरच्यांस आहे व दुसरा परक्यास. घरच्यांस धोका धुराचा. त्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा वायु असतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षां दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मनुष्यास गुंगी येते, तो निजतो, आणि पुन्हा उठत नाहीं. म्हणून जनरेटर घरांत, पडवींत, शटर ओढलेल्या दुकानांत किंवा खिडकीखालीं कधींही चालवूं नये; तो उघड्यावर, घरापासून दूर असावा.

दुसरा धोका असा. भिंतीच्या सॉकेटमध्यें जनरेटरची वायर खुपसली, आणि मुख्य कळ बंद करावयाची राहिली, तर ती वीज आपल्या घरांतच थांबत नाहीं. ती मीटरमधून उलट बाहेर पडते व खांबावरील तारेंत जाते. रोहित्र, ज्यास आपण डीपी म्हणतों, तें ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरासाठीं सुमारें २३० व्होल्ट करितें. पण १८३१ सालीं फॅरडेनें शोधून काढलेला जो नियम येथें काम करितो, त्याला वरची बाजू व खालची बाजू असा भेद ठाऊक नाहीं. खालून २३० व्होल्ट दिले तर तेंच रोहित्र वरच्या तारेंत हजारों व्होल्टचा दाब उत्पन्न करील. आणि त्या तारेवर, पुरवठा बंद आहे अशा समजुतीनें, एक मनुष्य चढलेला असतो.

कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या गांवीं असाच प्रसंग आला. वाऱ्यानें तार तुटली होती. वायरमन संध्याकाळच्या पावसांत खांबावर चढले. उपकेंद्रांतून पुरवठा बंद केल्याचा फोन आलेला होता. तथापि त्यांची जुनी सवय अशी कीं हात लावण्यापूर्वीं तार तपासावयाची व ती जमिनीशीं जोडून घ्यावयाची. त्या दिवशीं तपासणीचा दिवा लागला. तार जिवंत होती. ते खालीं उतरले आणि आवाजाच्या रोखानें चालत गेले, तों तिसऱ्या घराच्या मागें एक लहान जनरेटर चालू होता. घरांतील मंडळी भली होतीं. त्यांच्याकडे आजारी आजी होत्या, त्यांच्या खोलींत पंखा हवा होता, एवढ्यासाठींच तो लावला होता. आपल्या हातून काय होणार होतें हें त्यांस कळलें तेव्हां त्या घराच्या कर्त्या पुरुषास उभें राहवेना. त्या वायरमनांची कन्या त्या वेळीं आमच्या सहावीच्या वर्गांत होती. दुसऱ्या दिवशीं ती नेहमींप्रमाणें शाळेंत आली. तिला यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. हजेरी घेतांना तिनें "हजर" म्हटलें, आणि आम्हांस पुढचें नांव वाचावयास थोडा वेळ लागला.

यावर उपाय सोपा आहे, व तो महागही नाहीं. मीटर व घर यांमध्यें परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्याची दांडी एका वेळीं एकाच बाजूस जाते : एक तर कंपनीची वीज, नाहीं तर जनरेटरची, दोन्ही एकत्र येणें शक्यच नाहीं. मनुष्याच्या स्मरणशक्तीवर जेथें दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, तेथें आठवण ठेवण्याचें काम लोखंडाकडे सोंपवावें, हें बरें. इन्व्हर्टरमध्यें ही व्यवस्था आंतच केलेली असते. पण तोही घरांतील तारांस जाणत्या माणसाकडूनच जोडून घ्यावा.

सूर्यविजेविषयींही पालक पुष्कळ विचारतात. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें 'पीएम सूर्यघर' योजना सुरू केल्यापासून छपरांवर पट्ट्या बसविण्याकडे लोकांचा ओढा वाढला आहे. बिल कमी करण्यास ती उत्तमच. परंतु बॅटरी नसलेली, कंपनीच्या तारेशीं जोडलेली सौरव्यवस्था वीज गेल्याबरोबर स्वतःही बंद पडते, मग बाहेर कितीही ऊन असो. लोक म्हणतात, आमची फसवणूक झाली. ती फसवणूक नव्हे. तारेंत वीज नाहीं असें दिसतांच त्या यंत्रानें थांबावें अशीच त्याची रचना केलेली आहे, कारण त्या तारेवर कोणी काम करीत असेल. वीज गेल्यावरही सूर्याची वीज हवी असेल तर बॅटरीसह 'हायब्रिड' व्यवस्था मागावी व ती घराला तारेपासून वेगळें करते ना, याची खात्री करून घ्यावी.

त्या गृहस्थांनीं शेवटीं काय घेतलें तें सांगतों. घरासाठीं मध्यम आकाराचा साइन वेव्ह इन्व्हर्टर व १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी. दोन जुने पंखे बदलून दोन नवे. दुकानांतील संगणकास लहान यूपीएस. आणि वादळाच्या दिवसांसाठीं भरून ठेवावयाचे दोन हातदिवे. दुकानदारानें प्रथम सुचविलें होतें त्याच्या निम्म्याच्या आसपास खर्च आला. जनरेटर त्यांनीं घेतला नाहीं. मात्र आमचें बोलणें झाल्यावर ते त्याच रात्रीं शेजारच्या दुकानांत गेले, आणि आठ दिवसांत त्या शेजाऱ्यानें चेंजओव्हर स्विच बसवून घेतला, हें त्यांनीं मागाहून आम्हांस कळविलें. या साऱ्या खरेदींत आम्हांस अधिक मोलाची वाटली ती हीच गोष्ट.

विद्यार्थीमित्रहो, या सुटींत एक काम करावें. प्रत्येकानें आपल्या घरांतील उपकरणांवर लिहिलेले वॅट वहींत उतरून घ्यावे. त्यांपुढें तीन रकाने आंखावे : वीज गेल्यावर चालू राहिलेंच पाहिजे, थांबलें तरी चालेल, आणि थांबलेंच पाहिजे. मग आई-वडिलांजवळ बसून बेरीज करावी. आणि घरीं जनरेटर असेल तर तो कोठें ठेविला आहे, व त्याची वायर कोठें जाते, हें आधीं पाहावें. सॉकेटमध्यें जात असेल तर वडील मंडळींस सांगण्यास संकोच करूं नये. पावसांत खांबावर चढलेला मनुष्य आपल्या ओळखीचा असो वा नसो, त्याच्याही घरीं कोणीतरी दिवा लावून वाट पाहत असतें.